उत्तर पूर्ण होण्याआधी निघते तेव्हा

वेबवरील देवाणघेवाण मुळात एक प्रश्न आणि एक उत्तर अशी बेतलेली आहे: ब्राउझरने मागणी करायची, सर्व्हरने ती वाचून पान तयार करायचे आणि पान तयार झाले की पाठवून द्यायचे. यातील 'तयार झाले की' ही अट पान लहान असते तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु उत्तर म्हणजे पाच लाख ओळींचा तक्ता असेल, किंवा एखादे भाषा-प्रारूप शब्दामागून शब्द जुळवत अर्धा मिनिट लिहीत असलेला मजकूर असेल, तर तीच अट जाचक ठरते, कारण पहिली ओळ केव्हाच हाताशी असूनही शेवटची ओळ होईपर्यंत तिला सर्व्हरच्या मेमरीत ताटकळावे लागते. उत्तराचा जो भाग तयार झाला तो लगेच रवाना करायचा आणि उरलेला मागाहून पाठवत राहायचे, या पद्धतीला स्ट्रीमिंग म्हणतात. तिच्यामुळे मूळ काम रतीभरही हलके होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. तक्ता काढायला आणि मजकूर जुळवायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. वाट कोणी, कुठे आणि किती मेमरी अडवून पाहायची, एवढाच हिशेब ती बदलते.

उत्तर तुकड्यांनी येऊ लागले की पहिली अडचण ब्राउझरची होते: ते संपले हे ओळखायचे कसे? वेबच्या अगदी सुरुवातीच्या, १९९१ मधील नियमावलीत याची सोय सरळ होती. सर्व्हरने जोडणी तोडली की पान संपले. पुढे एचटीटीपी/१.० मध्ये, ज्याचा दस्तऐवज मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, उत्तराच्या आरंभी हेडर, म्हणजे उत्तराविषयी माहिती देणाऱ्या ओळी, आल्या आणि त्यांपैकी 'कंटेंट-लेंग्थ' या ओळीत मजकुराची लांबी बाइटांत सांगता येऊ लागली. ही सोय चोख होती, पण जे अजून लिहून झालेले नाही त्याची लांबी आधी सांगता येत नाही, आणि जोडणी तुटणे हीच समाप्तीची खूण मानली तर उत्तर खरोखर संपले की मध्येच काही बिघडले हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी/१.१ ने एकच जोडणी अनेक मागण्यांसाठी चालू ठेवण्याचा शिरस्ता पाडला, त्यामुळे दर उत्तरानंतर ती तोडणे परवडेनासे झाले. या पेचातून त्याच नियमावलीने काढलेली वाट म्हणजे चंक्ड एन्कोडिंग: संपूर्ण उत्तराची लांबी सांगायचीच नाही, हाती असलेल्या चंकची, म्हणजे तुकड्याची, तेवढी सांगायची.

असा तुकडा प्रत्यक्षात कसा जातो ते एका शब्दावरून पाहता येते. यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-वेलांटी, ३ बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणून १५ बाइट होतात. चंकची लांबी सोळाच्या पटीने मोजणाऱ्या षोडशमान पद्धतीत लिहायची असल्याने १५ साठी 'एफ' हे एकच रोमन अक्षर जाते, त्यामागून ओळ बदलणारी २ चिन्हे, मग ते १५ बाइट आणि पुन्हा ओळ बदलणारी तीच २ चिन्हे. म्हणजे १५ बाइटांच्या ऐवजाला ५ बाइटांचे वेष्टण. पुढचा तुकडा एक मोकळी जागा आणि 'भाषा' असा असेल, तर तो १ अधिक १२ असा १३ बाइटांचा होतो आणि त्याच्या आधी 'डी' जाते. सगळे पाठवून झाले की शून्य लांबीचा एक तुकडा जातो, आणि ब्राउझरच्या लेखी हे शून्य म्हणजे पूर्णविराम असतो. ते येण्याआधीच जोडणी तुटली तर उत्तर अर्धवट राहिले हे त्याला निश्चित कळते. मे २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/२ ने हे चंक मोडीत काढले, कारण तिथे सर्वच मजकूर फ्रेम नावाच्या चौकटींतून जातो आणि शेवटच्या फ्रेमवर समाप्तीची खूण असते. कल्पना तीच, शिक्का वेगळा.

तुकडे पाठवण्याची सोय झाली, तरी दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात सर्व्हरने काय करायचे हा प्रश्न उरतोच, आणि खरी गोम तिथेच आहे. जुन्या घडणीचा सर्व्हर प्रत्येक मागणीला एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा, बांधून देतो, आणि ते उत्तर पुरे होईपर्यंत तो धागा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाही. अशा सर्व्हरकडे ४० थ्रेड आहेत आणि प्रत्येक उत्तराला ५० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर तो मिनिटाला ४८,००० मागण्या निकालात काढू शकतो. पण तेच उत्तर ३० सेकंद ओघाने येत राहणारे असेल, तर मिनिटाला अवघी ८० उत्तरे होतात आणि एकेचाळिसावा वाचक दारातच उभा राहतो. विशेष म्हणजे त्या ३० सेकंदांतील बहुतेक वेळ प्रोसेसर काहीच करत नसतो: पुढचा तुकडा डेटाबेसकडून किंवा दुसऱ्या यंत्राकडून येण्याची तो वाट पाहत असतो. थ्रेड हजारोंनी वाढवणे हा उपाय दिसायला सोपा आहे, परंतु लिनक्सवर एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे ८ मेगाबाइटांची पत्त्यांची जागा राखली जाते, आणि प्रत्यक्षात वापरली जाणारी मेमरी त्याहून पुष्कळ कमी असली तरी थ्रेडांची अदलाबदल करण्यातच यंत्र दमते. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक सांभाळावेत कसे, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी 'सी-टेन-के' या नावाने नेमकेपणाने मांडला, तो या पार्श्वभूमीवर.

त्याला मिळालेले उत्तर समजायला पंगतीतला वाढपी पुरेसा आहे. प्रत्येक पानासमोर एकेक वाढपी उभा करून ज्याचे त्याचे जेवण होईपर्यंत त्याला तिथेच खोळंबून ठेवणारा यजमान शोधून सापडणार नाही. दोन-चार वाढपी भात, वरण, मठ्ठा घेऊन फिरतात, ज्याच्या पानात जागा दिसेल त्याला वाढतात आणि पुढे सरकतात. असिंक्रोनस सर्व्हर, म्हणजे वाट पाहताना एका जागी अडकून न पडणारा सर्व्हर, नेमके हेच करतो: एकच थ्रेड सर्व जोडण्यांवर फेऱ्या मारतो, जिथे काही करण्याजोगे आहे तिथे तेवढे काम उरकतो आणि जिथे वाट पाहायची आहे तिथली फक्त नोंद ठेवून पुढे जातो. या फेरीला इव्हेंट लूप म्हणतात. उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. वाढप्याला प्रत्येक पानावर नजर टाकावी लागते, आणि जुन्या 'सिलेक्ट' या व्यवस्थेत सर्व्हरचीही तीच गत होती; पुढे २००० मध्ये फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत आलेले 'केक्यू' आणि २००२ मध्ये लिनक्सच्या विकास-आवृत्तीत आलेले 'ईपोल' यांनी ही नजर टाकण्याची कटकट कार्यप्रणालीकडे सोपवली, आणि ज्या जोडण्या तयार आहेत त्यांचीच यादी सर्व्हरच्या हाती पडू लागली. दहा हजारांतील तीनच जोडण्या जाग्या असतील तर काम तिनांचेच. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये लिहायला घेतलेला आणि २००४ मध्ये खुला केलेला एनजिनएक्स हा सर्व्हर याच पायावर उभा आहे, आणि रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलेल्या नोड.जेएसने हीच रीत जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाती दिली.

पायथन या भाषेला इथवर यायला वेळ लागला, आणि तो प्रवास बोधक आहे. डिसेंबर २००३ मध्ये प्रथम मांडलेला डब्ल्यूएसजीआय हा सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यातील करार तुकड्यांनी उत्तर द्यायला मुभा देत होता, पण प्रोग्राम हे एक साधे फंक्शन असल्याने पुढच्या तुकड्याची वाट पाहणे म्हणजे थ्रेड अडवणेच होते. २०१४ मध्ये भाषेत इव्हेंट लूप पुरवणारे असिंकआयओ आले, २०१५ मध्ये 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द आले, आणि डिसेंबर २०१६ मधील ३.६ या आवृत्तीत असिंक जनरेटर आला. जनरेटर म्हणजे एक मूल्य देऊन तिथेच थबकणारे आणि पुन्हा विचारल्यावर त्याच ठिकाणाहून पुढे चालणारे फंक्शन. त्याला थबकलेल्या अवस्थेत इतरांना वाट करून देण्याची क्षमता जोडली की असिंक जनरेटर होतो. ओघाने उत्तर देण्यासाठी लागणारी घडण भाषेतच तयार मिळाली ती अशी उशिरा. अँड्र्यू गॉडविन यांनी जँगो या पायथनच्या वेब-चौकटीसाठी केलेल्या कामातून पुढे आलेल्या एएसजीआय या नव्या करारात तर उत्तर ही एकसंध वस्तू उरतच नाही, ती निरोपांची मालिका होते: आरंभीच्या एका निरोपात दर्जाचा आकडा आणि हेडर जातात, मग मजकुराचे निरोप एकामागून एक जातात, आणि प्रत्येकासोबत 'अजून मजकूर आहे' अशी खूण खरी किंवा खोटी म्हणून जोडलेली असते. ती खोटी झाली की सर्व्हर तारेवर शून्य लांबीचा तुकडा सोडतो. स्टारलेट आणि २०१८ मध्ये आलेले फास्टएपीआय या एएसजीआयवर चालणाऱ्या वेब-चौकटींतील 'स्ट्रीमिंग रिस्पॉन्स' ही सोय म्हणजे असिंक जनरेटरकडून एकेक तुकडा मागून त्याचा निरोप करणारी एक छोटी फेरी आहे, त्यापलीकडे फार काही नाही.

या व्यवस्थेत सगळ्यांचे भले एका अटीवर अवलंबून असते: कोणीही वाढप्याचा हात धरून ठेवायचा नाही. असिंक फंक्शनात कोणी दोन सेकंदांची साधी झोप घातली, किंवा उत्तर येईपर्यंत न हलणाऱ्या जुन्या चालकामार्फत डेटाबेसला प्रश्न विचारला, तर तेवढा वेळ त्या एका वाचकाचे नव्हे, तर त्या लूपवरील सर्वांचे उत्तर गोठते. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो. स्टारलेटने तिच्यावर एक तोडगा ठेवला आहे: साधा जनरेटर दिला तर तो लूपवर न चालवता वेगळ्या थ्रेडांच्या ताफ्यावर चालवला जातो. हा ताफा न बदलता वापरला तर ४० थ्रेडांचा असतो, आणि वरच्या हिशेबातला चाळीसचा आकडा तिथूनच घेतलेला आहे. थोडक्यात, 'असिंक' हा शब्द न लिहिता केलेले स्ट्रीमिंग चालते खरे, पण ज्या अडचणीतून सुटायचे तिच्याचकडे आडवाटेने परत नेते.

दुसरी बाजू वाचकाची. सर्व्हर भराभर तुकडे तयार करतो आहे आणि वाचकाचे नेटवर्क मंद आहे, अशा वेळी न गेलेले तुकडे कुठेतरी साठतात, आणि ते सर्व्हरच्या मेमरीत साठू लागले तर स्ट्रीमिंगचा मुख्य लाभच बुडतो. टीसीपी या वाहतूक-नियमात घेणारी बाजू आपल्याकडे किती बाइटांची जागा शिल्लक आहे हे सतत कळवत असते. जागा संपली की पाठवणाऱ्याने थांबायचे. हे थांबणे मागे मागे पोहोचत थेट मजकूर निर्माण करणाऱ्या जनरेटरपर्यंत जावे लागते, आणि या उलट्या दाबाला बॅकप्रेशर म्हणतात. असिंकआयओमध्ये न गेलेला मजकूर, वेगळी मर्यादा घातली नसेल तर, ६४ किलोबाइटांपलीकडे साचला की लिहिणाऱ्याला थांबण्याचा इशारा मिळतो, आणि 'अवेट' लिहिलेल्या जागी जनरेटर तसाच थबकून राहतो. पाच लाख ओळींचा तक्ता देणाऱ्या प्रोग्रामने मात्र डेटाबेसकडूनही ओळी थोड्या थोड्या उचलायला हव्यात. सगळ्या ओळी आधी एका यादीत भरून मग ती यादी तुकड्यांनी वाटणे हा शुद्ध देखावा होय. वाचक मध्येच निघून गेला, तरी तसा निरोप करारानुसार प्रोग्रामकडे येतो, आणि तो ऐकून काम थांबवले नाही तर कोणीही वाचणार नाही असा मजकूर सर्व्हर निष्ठेने तयार करत राहतो.

सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये सहसा एक मध्यस्थ, म्हणजे प्रॉक्सी, उभा असतो, आणि त्याचा स्वभाव साठवण्याचा असतो. एनजिनएक्स या भूमिकेत असेल तर मागील सर्व्हरचे उत्तर तो, वेगळे सांगितले नसल्यास, आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, घेतो. हेतू चांगला असतो, कारण मंद वाचकापायी मागचा सर्व्हर अडकू नये. पण परिणाम असा होतो, की थोड्याथोड्याने निघालेले लहान तुकडे मध्येच तुंबतात आणि वाचकाला एकदम लोंढा मिळतो. उत्तरासोबत 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग' हे हेडर 'नो' असे पाठवले की त्या उत्तरापुरती ही साठवण बंद होते. मजकूर दाबून लहान करणारे जीझिपही असेच अडून बसते, कारण दाबण्याजोगे पुरेसे हाती येईपर्यंत ते काही सोडत नाही. उलट, बराच वेळ काहीच आले नाही तर मध्यस्थ जोडणी मेली असे समजतो. एनजिनएक्समध्ये ही मुदत न बदलल्यास ६० सेकंदांची असते.

या शांततेवरचा उपाय 'सर्व्हर-सेंट इव्हेंट्स' या प्रमाणात अगोदरच घातलेला आहे. इयन हिक्सन यांनी २००४ मध्ये सुचवलेले हे प्रमाण कमालीचे साधे आहे: प्रत्येक घटना 'डेटा' आणि अपूर्णविराम (:) यांनी सुरू होणाऱ्या ओळीत लिहायची आणि रिकाम्या ओळीने संपवायची. केवळ अपूर्णविरामाने सुरू होणारी ओळ टीप समजली जाते आणि ब्राउझर तिच्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणून दर पंधरा सेकंदांनी अशी एखादी निरर्थक ओळ पाठवून जोडणी जागती ठेवावी, असे प्रमाणातच सुचवले आहे. घटनेला क्रमांक दिला असेल, तर जोडणी तुटल्यावर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला क्रमांक कळवतो. बरीच वर्षे हे प्रमाण अडगळीत पडल्यासारखे होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि उत्तर शब्दाशब्दाने उमटण्याची सवय जगाला लागली, तेव्हा त्याला चांगले दिवस आले. भाषा-प्रारूप टोकन नावाचे लहान तुकडे एकामागून एक निर्माण करते, त्यामुळे तिथे ओघाने उत्तर देणे ही हौस नसून कामाचा स्वाभाविक आकारच आहे.

मराठी मजकूर असा ओघाने येतो तेव्हा इंग्रजीत न दिसणारी एक खोड उघडी पडते. इंग्रजी अक्षर एका बाइटाचे, म्हणून तुकडा कुठेही तोडला तरी अक्षर शाबूत राहते. 'क्ष' मात्र क, हलन्त आणि ष असे तीन चिन्हांचे, ९ बाइटांचे असते. तुकडा सातव्या बाइटानंतर तुटला आणि घेणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक तुकडा सुटा सुटा उलगडला, तर पडद्यावर 'क्' आणि त्यापुढे काळ्या शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह उमटते, आणि मागून आलेले २ बाइटही वाया जातात. ब्राउझरमधील 'टेक्स्ट-डिकोडर'ला मजकूर ओघाने येतो आहे असे सांगितले, की तो अपुरे बाइट राखून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याशी जोडतो. बाइट नीट जुळले तरी अक्षरांची चुळबुळ राहतेच: 'कि' येताना आधी क दिसतो आणि मग पहिली वेलांटी त्याच्या डावीकडे घुसून त्याला बाजूला सारते, 'तर्क' लिहिला जाताना र आधी पाय मोडून उभा राहतो आणि क आल्यावर त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शब्द संपेपर्यंत, म्हणजे मोकळी जागा येईपर्यंत, चिन्हे हातात धरून मग शब्द सोडला तर ही चुळबुळ थांबते, आणि देवनागरीसाठी तेच करणे योग्य आहे. इंग्रजीवर बेतलेल्या प्रोग्रामांना ते सुचत नाही, कारण त्यांना ती गरजच दिसलेली नसते.

स्ट्रीमिंगची सर्वांत मोठी किंमत अजून सांगायची राहिली आहे. उत्तराच्या पहिल्याच ओळीत २००, म्हणजे 'सर्व ठीक', हा आकडा जातो, आणि तो एकदा गेला की परत घेता येत नाही. तीन लाखाव्या ओळीवर डेटाबेस कोसळला तर ५०० हा बिघाडाचा आकडा पाठवायला जागा उरलेली नसते. सर्व्हरला शून्याचा पूर्णविराम न देता जोडणी तोडावी लागते, किंवा मजकुराच्या ओघातच 'इथे चूक झाली' असे सांगणारी घटना घालावी लागते. म्हणूनच परवानगी तपासणे, मागणी पारखणे आणि डेटाबेसशी संधान बांधणे ही फसण्याजोगी कामे पहिला बाइट सोडण्यापूर्वी उरकलेली असली पाहिजेत. आणि उत्तर काही किलोबाइटांचे असून आधीच तयार असेल, तर त्याची लांबी सांगून ते एकदम पाठवणेच बरे.